मुक्कामी गाडी आणि एक चिमूट

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

(तालुक्याच्या रुग्णालयात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलेल्या ताई या पानावर सवयी आणि व्यसनांबद्दलच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रं जागेअभावी थोडी कमी केली आहेत.)

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. मी एस.टी.त वाहक आहे, वय ४४. अठराव्या वर्षापासून तंबाखू-चुना. गेल्या दिवाळीत पाडव्याला सोडली. मुलीने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. पहिला आठवडा लई वाईट गेला. सुट्ट्या पैशांवरून प्रवाशांशी भांडणं झाली, एकदा चुकीच्या थांब्यावर बेल मारली. पण जमलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायचो, शिमग्यापर्यंत एक दिवस चुकला नाही.

मग चिपळूणकडच्या एका गावात मुक्कामी गाडी होती. कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली. पोचायला रात्रीचे अकरा वाजले, डबा आंबून गेला होता. ड्रायव्हर तंबाखू मळत बसला होता, म्हणाला, "घ्या मास्तर, एकदा काय होतंय." घेतली. सकाळी उठल्यावर वाटलं, शपथ तर मोडलीच, आता काय राहिलंय! स्टँडवर गाडी लागल्या लागल्या पुडी घेतली. आता दिवसाला चार-पाच वेळा होते. कॅलेंडर फाडून टाकलं. घरी कुणाला माहीत नाही, पुडी गणवेशाच्या आतल्या खिशात असते. मुलगी "पप्पा, किती दिवस झाले?" विचारते तेव्हा मान वर होत नाही. मी मुळातच कच्च्या मनाचा आहे का? का परत पहिल्यापासून सुरुवात करू?
– एक वाहक, कराड भाग

उत्तर

भाऊ, तुमच्या पत्रात दोन घटना आहेत आणि तुम्ही त्यांची एकच करून टाकली आहे.

रात्री अकरा वाजता, उपाशीपोटी, दमलेले असताना समोर आलेली चिमूट ही पहिली घटना. सकाळी स्वतः चालत टपरीवर जाऊन, पैसे मोजून घेतलेली पुडी ही दुसरी. रात्री तलफेने हात पुढे केला. सकाळी मात्र तुम्ही हिशेब मांडला, की शपथ मोडली, म्हणजे सगळं गेलं, मग आता राखायचं कशाला? मी इतकी वर्षं जे पाहत आले ते हेच. पहिली चिमूट बऱ्याच जणांची होते. बुडतात ते या हिशेबाने.

ॲलन मार्लट नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ दारू सोडलेल्या माणसांसोबत काम करायचे. त्यांनी आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली नेमकं हेच मांडलं. एकदा घेतली जाणं आणि पुन्हा व्यसनात जाणं यांच्यामध्ये थोडी जागा असते, आणि त्या जागेत माणूस स्वतःबद्दल काय ठरवतो यावर पुढचं पुष्कळसं अवलंबून असतं. "माझ्यातच खोट आहे" असं ठरवणारा घसरत जातो. "त्या रात्री मी दमलेलो होतो, उपाशी होतो आणि समोर तंबाखू मळली जात होती" असं म्हणणाऱ्याला निदान पुढच्या खेपेला काय बदलायचं ते कळतं. तुमचा पहिला प्रश्न, "मी कच्च्या मनाचा आहे का", हा त्यातला पहिला प्रकार आहे. म्हणून त्याचं हो किंवा नाही असं उत्तर मी देणारच नाही. दोन्ही उत्तरांचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

आता शरीराचं बघू. तंबाखूला चुना का लावतात हे तुम्हाला सांगायला नको, पण त्यामागचं कारण ऐकून ठेवा. चुन्यामुळे तोंडातली आम्लता उतरते आणि निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून भराभर रक्तात जातं. म्हणूनच चुना लावलेली लागते तशी कोरडी लागत नाही. सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणं, कामात लक्ष नसणं हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरत जातं. सुट्ट्या पैशांवरून भांडणं झाली ती याच काळात. तो टप्पा तुम्ही दिवाळीनंतर पार केला होता. म्हणजे शिमग्यानंतरच्या त्या रात्री शरीर फार मागत नव्हतं. मागत होती ती जागा, वेळ आणि संगत. मळून झाल्यावर तळहातावर मारलेली थाप आणि नाकात जाणारी ती पूड. ही खूण मेंदूत महिनोन्महिने शिल्लक राहते, सोडल्याला वर्ष झालेल्या माणसालाही ती ओळखू येते. यात लाजण्यासारखं काय आहे? गाडी मुक्कामी असताना हे होणार, इतकं आता तुम्हाला पक्कं माहीत झालं. दिवाळीत ते माहीत नव्हतं.

तुमचा दुसरा प्रश्न, पहिल्यापासून सुरू करायचं का? नाही. पहिलं म्हणजे काय, अठरावं वर्ष? प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली स्वतःच्या बळावर धूम्रपान सोडू पाहणाऱ्या लोकांचा अभ्यास छापला. त्यांना दिसलं की सोडणं ही टप्प्याटप्प्याने होणारी गोष्ट आहे आणि बहुतेक जण त्या टप्प्यांतून एकापेक्षा जास्त वेळा जातात. पुढे १९९२च्या लेखात त्यांनी त्याचं चित्र वर चढत जाणाऱ्या वेटोळ्यासारखं काढलं. तुम्ही कुंभार्ली घाटाने जाता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल. वळणावर मघाचाच रस्ता पुन्हा दिसतो, पण तो खाली असतो.

मुलगी "किती दिवस झाले" विचारते, त्यात तिचा दोष नाही. आपण सगळेच तसं मोजतो, सलग. सलग मोजलं की एका चुकीने आकडा शून्यावर येतो आणि माणसाला वाटतं, मागचं सगळं वाया गेलं. वाया कसं जाईल? त्या महिन्यांत हिरड्यांना विसावा मिळालाच, पुडीचे पैसे वाचलेच, आणि मुक्कामाची रात्र सोडली तर बाकीच्या सगळ्या वेळा तुम्ही निभावल्याच. नवीन कॅलेंडर आणा. पाडव्यापासूनच्या फुल्या आठवून परत मारा. ज्या दिवशी खाल्ली तिथे गोल काढा आणि बाजूला दोन शब्द लिहा, की कुठे होतो, कोण होतं, पोटात काय होतं. मुलीने विचारलं तर "या महिन्यात किती फुल्या, किती गोल" हे सांगायला मान खाली घालावी लागत नाही.

शपथेबद्दल माझं मत कडक आहे आणि ते पुष्कळांना आवडत नाही. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून तंबाखू सोडायला लावू नये. शपथ टिकते तोवर ठीक. मोडली की माणूस दोन गोष्टी लपवतो, तंबाखू आणि शपथ मोडल्याची भीती, आणि लपवायला लागला की मदत मागायचं बंद होतं. "मग माळ घातल्यावर सुटते ती कशी?" असं मला दर आषाढीला कुणी ना कुणी विचारतं. सुटते, मी स्वतः पाहिलीय. पण माळ घातलेल्या माणसाला संध्याकाळी भजनाची बैठक मिळते, एकादशी मिळते, दिंडीतली माणसं मिळतात, आणि त्यांच्यात तंबाखू मळत नाहीत. नुसती माळ घालून जुन्याच कट्ट्यावर बसणाऱ्याची सुटलेली मला तरी आठवत नाही.

तर आता काय करायचं? सगळं एकदम बदलू नका. या खेपेला फक्त मुक्कामाची रात्र धरा.

ड्युटी लागली की त्या ड्रायव्हरला निघायच्या आधीच सांगा: "मी सोडलीय. मला विचारू नका, आणि मी मागितली तरी देऊ नका." दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. रात्री अकराला सांगून उपयोग नाही, सकाळी डेपोतच सांगा. डब्याबरोबर न आंबणारं काहीतरी ठेवा, दशमी, शेंगदाणे-गूळ, काहीही. उपाशी माणसाची तलफ आणि भूक यांत गल्लत होते. तलफ आली तर ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात उठून चूळ भरा, गाडीभोवती एक चक्कर मारा, दिवसाचा हिशेब त्याच वेळेला लिहायला घ्या. तोंडात धरायला बडीशेप चालेल, लवंग चालेल. सुपारी नको. तंबाखू सोडून सुपारीवर येणारे मला दर आठवड्याला भेटायचे आणि सुटलो म्हणून खूश असायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलेलं आहे.

एवढ्याने भागत नसेल तर निकोटीनचं च्युइंगगम मिळतं. डॉक्टरांना विचारून २ मिलिग्रॅमचं घ्या, हृदयाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. ते नेहमीच्या च्युइंगगमसारखं चावत बसायचं नसतं, इथेच लोक फसतात. भराभर चावलं की उचक्या लागतात, जळजळ होते, आणि मग "ताई, ते काय कामाचं नाही" म्हणून सांगत येतात. हळूहळू चावायचं, चुरचुरायला लागलं की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं. ती जागा तुम्हाला पाठ आहे. चुरचुर गेली की परत थोडं चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा-पाणी काही नाही. तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तो फुकट आहे. एवढी वर्षं पाकीट हातात होतं, एकदा नंबरही लावून बघा.

राहिलं घर. बायकोला सांगा, आणि लांबण लावू नका. "त्या मुक्कामाला खाल्ली, त्यानंतर रोज खातोय. आज पुडी टाकली. बुधवारी परत मुक्काम आहे, रात्री साडेनऊला फोन कर." इतकंच. मुलीला वेगळं बसवून सांगा की शपथेचा आणि तिच्या जिवाचा काही संबंध नाही. लहान मुलं हे मनात धरून बसतात आणि कुणाला बोलत नाहीत.

पत्र दुसरं

माझं वय ५८. लग्न होऊन आले तेव्हा दाढ दुखत होती, सासूबाईंनी मिसरी लावायला दिली. तेव्हापासून आहे. दिवसाला पाच-सहा वेळा व्हायची. दोन वर्षांपूर्वी शिबिरात दातांच्या डॉक्टरीणबाई बोलल्या, तेव्हापासून कमी करत करत दोनवर आणली, मग एकवर. पण ती सकाळची एक काही केल्या सुटत नाही. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं. सूनबाई म्हणते, "एवढी कमी केली तर एक सोडायला काय होतंय?" मलाही वाटतं, एवढ्यावरच अडकले म्हणजे माझं काही खरं नाही.
– कोल्हापूर जिल्ह्यातून

उत्तर

पाच-सहावरून एकवर आलात, त्याचं तुमच्या पत्रात एकच वाक्य, आणि उरलेल्या एकीवर सगळं पत्र. सूनबाईंना हे पत्र वाचून दाखवा.

सकाळचीच का सुटत नाही, याला कारण आहे. निकोटीन रक्तातून लवकर उतरतं, साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रभर झोपल्यावर पहाटे ते जवळजवळ संपलेलं असतं, म्हणून दिवसातली पहिली तलफ सगळ्यात मोठी. व्यसन किती खोल आहे हे पाहताना डॉक्टरसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारतात, की उठल्यापासून किती वेळात लागते. तुम्ही सोप्या सोडल्या आणि अवघड मागे राहिली. सगळ्यांचं असंच होतं.

पोटाचं म्हणता ते मनाचे खेळ नाहीत. निकोटीन आतड्यांना हलवतं, त्यामुळे सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. तयारी आधीपासून करा. रात्री इसबगोल, उठल्यावर गरम पाणी, जेवणात पालेभाजी वाढवा. ते बसलं, की मिसरीची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकला. आधी चहा, मग मिसरी. मग झाडलोट, मग मिसरी. अशी ढकलत आंघोळीच्या पलीकडे नेलीत की पोट तिच्याशिवाय साफ झालेलं असेल, आणि तिचं अर्धं कारणच जाईल. एखाद्या दिवशी पहाटेच लावली गेली, तर दुसऱ्या दिवशी जिथपर्यंत ढकलली होती तिथूनच पुढे. चहाच्या आधीपर्यंत परत यायचं नाही.

पण एक गोष्ट गोड करून सांगणार नाही. एकीवर कायमचं थांबणं हा बेत नाही. कमी केल्याने धोका त्याच मापाने कमी होतो असं समजू नका, आणि ती एक शिल्लक ठेवली की पाहुणे, लग्नघर, आजारपण यांत तिच्या दोन व्हायला वेळ लागत नाही. एक तारीख धरा. सणाची नको, त्या दिवशी घरात गडबड असते. साधा मंगळवार धरा.

आणि ती दाढ. मिसरीने दुखणं बधिर होतं, म्हणून मूळ दुखणं वर्षानुवर्षं तसंच राहतं. त्या डॉक्टरीणबाईंकडे परत जा. तोंडात पांढरा चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल, तर मंगळवारची वाट न बघता जा.

दुपारी भांडी झाल्यावर शेजारच्या बायका मिसरी लावायला बसतात, तिथलं बसणं तुम्ही सोडलं असणार. मिसरीपेक्षा त्या गप्पा सुटल्याचं दुःख मोठं असतं, हे मला पुष्कळ जणींनी सांगितलंय. त्या वेळेला दुसरीकडे कुठे बसता येईल ते बघा, बचत गट, देवळातलं वाचन, काहीही. त्यांच्यातली एखादी तुमच्याबरोबर उठून आली तर फारच बरं.

पत्र तिसरं

ताई, मी २७ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. २१ दिवसांत कुठलीही सवय बदलते हे सगळीकडे वाचून सिगारेट सोडली. ॲपवर एकवीस दिवस पूर्ण केले. बाविसाव्या दिवशी टपरीवर चहा घेतला आणि तलफ जशीच्या तशी! एक ओढली. मग ॲपमधला आकडा शून्य झाला, तेव्हा वैतागून अजून दोन ओढल्या. माझं काय चुकतंय?

उत्तर

बाकीच्या दोन ओढल्या त्या ॲपच्या शून्यापायी. त्याबद्दल वरच्या वाहकभाऊंना लिहिलंय, ते वाचा.

एकवीसचा आकडा आला कुठून ते सांगते. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांना दिसलं आणि १९६० साली त्यांनी ते लिहिलं. लोकांनी त्यातला "किमान" गाळला, चेहराही गाळला, आणि आकडा तेवढा ठेवला.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक साधी सवय लावायला सांगितली. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी पाणी प्यायचं, कुणी पळायला जायचं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तर त्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यांना दिसलं. आणि या झाल्या फळं खाण्याच्या गोष्टी, ज्यात सोडायला निकोटीन नव्हतं. तुम्ही एकविसाव्या दिवशी परीक्षा संपली असं धरून टपरीवर गेलात.

चहा सोडू नका, टपरी बदला. ऑफिसातल्या मशिनचा चहा वाईट असतो हे मला माहीत आहे, तरी दोन महिने तोच प्या. टपरीवरच्या मित्रांना भेटायचं असेल तर जेवायला भेटा, आणि जेवणानंतर लगेच उठा. सलग दिवस मोजणारं ॲप काढून टाका. हवंच असेल तर एकूण किती ओढल्या नाहीत ते मोजणारं शोधा, किंवा सरळ एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. पैशांच्या पाकिटात म्हणतेय.